पंपघरामागची जांभळी फुलं

अनुराधा सामंतच्या घरात पाण्याचा पेला आधी नाकाजवळ जायचा, मग ओठाजवळ. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली तरी ती झाकण उघडून वास घ्यायची. भाजीच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीचं रबर तिथल्या तिथे सोडून आतल्या काड्या बघायची. तिचा नवरा सूर्यकांत बंदरावरच्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघायचा. तो म्हणायचा, "तू कस्टम्समध्ये असायला हवी होतीस. एखादा माणूस सुटला असता, कोथिंबीर सुटली नसती."

संशय हा तिला स्वभावदोष वाटतच नव्हता. तिच्या लेखी ते शिक्षण होतं. माहेर कुडाळचं, सासर पार्ल्याचं आणि एम.एस्सी. कोल्हापूरची, विषय वनस्पतिशास्त्र. लग्नाआधी तीन वर्षं तिने कॉलेजात प्रॅक्टिकल घेतली होती. झाडाचं नाव ओठावर आलं की ते गिळायचं आणि फूल पुन्हा एकदा उघडून बघायचं, असं तिथे शिकली होती आणि मुलांनाही तेच शिकवत होती. मग त्र्याण्णव साली सूर्यकांतच्या मागोमाग दुबईला आली. व्हिसावर 'हाऊसवाइफ' असं छापलं गेलं आणि झाडांचा विषय संपला. इथे झाडं होती, पण सगळी कुणीतरी लावलेली, नळीने पाणी पाजलेली आणि आपापल्या जागी उभी असलेली. त्यांना ओळखण्यात काही गंमत नव्हती.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत तिच्या संशयाला खरं कारण मिळालं. सात वर्षांच्या केयाचं पोट दिवाळीपासून तिसऱ्यांदा बिघडलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं का?" अनुराधाने शाळेच्या कँटीनवर बंदी घातली, डब्यातला प्लास्टिकचा चमचा बदलला, दुधाचा ब्रँड बदलला. केया वैतागून म्हणाली, "आई, आय अ‍ॅम सिक ऑफ बॉइल्ड एव्हरीथिंग."

मग समोरच्या व्हिलातली दोन मुलं आजारी पडली, आणि मागच्या व्हिलातल्या आजीसुद्धा. अल बर्शातलं ते चौदा व्हिलांचं कंपाउंड होतं. तीन बाजूंना वाळू, एका बाजूला रस्ता. सगळ्या घरांना पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीतून यायचं. ती टाकी आणि तिचं पंपघर कंपाउंडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात होतं.

"सूर्यकांत, इथे कुठेतरी पाणी मुरतंय," ती एका सकाळी म्हणाली.

"म्हणजे संशय येतोय, की खरंच मुरतंय?"

"दोन्ही."

पाणी प्यायला तिने मोठ्या बाटल्या मागवायला सुरुवात केली. पण दात घासायला, भाज्या धुवायला, केयाच्या आंघोळीला तेच पाणी होतं. आंघोळ करताना ती पोर तोंड उघडं ठेवून गाणी म्हणायची.

त्याच आठवड्यात गच्चीवर पापड वाळत घालताना तिची नजर पंपघराकडे गेली. पंपघर आणि मागची कुंपणाची भिंत यांच्यामध्ये दोन-अडीच मीटरची बोळ होती. तिला लोखंडी दार होतं आणि दाराला कुलूप. वरून बघताना त्या बोळीत हिरवं काहीतरी दाटलेलं दिसलं, आणि हिरव्यावर जांभळी फुलं. तिथे बाग नव्हती. तिथे कुणी जातही नव्हतं.

आणि तेवढ्यात तिने कंपाउंडचा माळी जहूर बघितला. भर दुपारी, सगळी घरं झोपलेली असताना, तो त्या दारातून बाहेर आला. त्याने कुलूप लावलं, आजूबाजूला बघितलं आणि कमिजाच्या खिशात एक कापडी पुरचुंडी कोंबली.

जहूर मुलतानकडचा होता. पन्नाशीचा, पाठीतून वाकलेला, बोलायला कमी. तीन वर्षं तो त्यांची बोगनवेल छाटत होता, तिला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणत होता आणि अनुराधाला त्याच्याविषयी तेवढंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच वेळेला गच्चीवर गेली. जहूर पुन्हा आत गेला आणि पाव तासाने पुरचुंडी घेऊन बाहेर आला. तिसऱ्या दिवशीही तेच. या वेळी दाराशी थांबून त्याने पुरचुंडी उघडली आणि तळहातावर काहीतरी ओतून निवडलं. बारीक, काळपट दाणे असावेत.

अनुराधाच्या मनात पाल चुकचुकली.

खसखस या देशात चालत नाही, हे इकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला विमानात बसायच्या आधीच कळलेलं असतं. पहिल्या वर्षी दिवाळीच्या डब्यातले अनारसे सासूबाईंनी सुरीने खरवडून पाठवले होते. बारीक दाणे, जांभळी फुलं, कुलूपबंद बोळ, आणि चोरासारखा बघणारा माणूस. अफूची फुलं जांभळीही असतात, हे तिने स्वतः मुलांना शिकवलं होतं.

सूर्यकांतला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "तू बघितलंस का जवळून?"

"नाही."

"मग हे नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. केयासमोर तर नाहीच. त्याच्या पोटापाण्याचाच नाही, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आणि उद्या पोलीस आले तर पहिलं विचारतील, तुम्हाला कसं माहीत?"

तिला ते पटलं. म्हणून ती थेट जहूरकडे न जाता हेमचंद्र पाटणकरांकडे गेली. हेमचंद्र हे देखभालीच्या कंपनीचे सुपरवायझर. मुंबईचे, चेंबूरचे, चाळिशीचे. गेटपाशी त्यांचं छोटं ऑफिस होतं. गणपतीला सामंतांकडे आरतीला यायचे आणि मोदक मोजून नव्हे, मनापासून खायचे.

"पंपघरामागे ते काय वाढलंय हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

हेमचंद्र लगेच उत्तरले. जरा जास्तच लगेच. "ते ना वहिनी, रुएलिया. लँडस्केपवाल्यांची उरलेली रोपं कुणीतरी टाकली असतील. तुमच्या फाटकाशी आहेत तीच. काढून टाकू, डोन्ट वरी."

रुएलिया प्रत्येक व्हिलाच्या फाटकाशी होती. जांभळी, कर्ण्यासारखी फुलं सकाळी उघडायची आणि दुपार झाली की फरशीवर गळून पडायची. झाडूवाल्याची कटकट तीच होती. अनुराधा घरी आली, पाच वाजेपर्यंत थांबली आणि गच्चीवर गेली. फाटकाशी एकही फूल शिल्लक नव्हतं. पंपघरामागची बोळ मात्र जांभळीच होती.

म्हणजे ती रुएलिया नव्हती. मग हेमचंद्रांना खरंच झाडातलं कळत नव्हतं, की त्यांना तिने तिथे जायला नको होतं? आता तिच्या मनात एकाऐवजी दोन माणसं होती, आणि दोघांकडे त्या दाराच्या किल्ल्या होत्या.

गुरुवारी जहूर बोगनवेल छाटायला आला. अनुराधा त्याला चहा द्यायला बाहेर गेली, जे ती एरवी कधी करत नसे. कप घ्यायला त्याने हात पुढे केला आणि तिला त्याची बोटं दिसली. बोटांच्या मागच्या बाजूला, मनगटावर, सगळीकडे टोचल्याच्या लाल खुणा. बोगनवेलीचा काटा ओरबाडतो, लांब रेघ उठते. या खुणा सुईने टोचल्यासारख्या होत्या, खोल आणि गोल.

अफूला काटे नसतात.

छातीवरचा दगड अर्धा सरकल्यासारखं तिला वाटलं. "जहूरभाई, ये हाथ को क्या हुआ?"

"काँटा है, बाजी. तालमखाने का."

शब्द तोंडातून निघाला आणि जहूरचा चेहरा पडला. त्याने कप कठड्यावर ठेवला.

तालमखाना. अनुराधाच्या डोक्यात कुठलं तरी दार उघडलं. कुडाळला शेताच्या बांधाशी, चराच्या कडेने, भात कापून झाल्यावरही जिथे चिखल राहतो तिथे तो उभा असायचा. त्याला कोळसुंदा म्हणत. अनवाणी पायाला त्याचा काटा लागला की पोरं दोन दिवस लंगडायची. दुकानात त्याच्या बियांना तालिमखाना म्हणत, बाळंतिणीच्या लाडवात घालत. पण इथे? पावसाचे चार थेंब पडले तर शाळेला सुट्टी देणाऱ्या गावात? तिने ते नाव गिळलं.

"मुझे दिखाओगे?"

"बाजी, मैंने कुछ ग़लत नहीं किया."

"मालूम है. दिखाओ."

त्याने किल्ली काढली. बोळीत पाऊल टाकताच अनुराधाची चप्पल रुतली. खाली वाळू नव्हती, काळा, मऊ चिखल होता. आणि वास होता. गोडसर, कुबट, एकदा नाकात गेला की विसरता न येणारा. तिने पदर नाकाला लावला.

झाडं कमरेइतकी उंच होती. खोड सरळ, फांद्या जवळजवळ नाहीतच, अंगावर ताठ केस. तिने वाकून एक पेर जवळून बघितलं. पानांचा झुबका, त्यात दाटीवाटीने बसलेली फुलं, आणि फुलांच्या मधून बाहेर आलेले पिवळसर, सरळ काटे. तिने मोजले. सहा. दुसऱ्या पेरावर मोजले. सहा. तिसऱ्यावरही सहाच. मग एक फूल खुडून तळहातावर ठेवलं. रुएलियाचं फूल कर्ण्यासारखं, पाचही पाकळ्या सारख्या. याला दोन ओठ होते. वरचा दोन भागांचा, खालचा तीन भागांचा, आणि खालच्या ओठावर सुरकुत्या नि पिवळसर ठिपके.

"बीज दिखाओ."

जहूरने पुरचुंडी सोडली. चपटे, तपकिरी दाणे होते. तिने चार दाणे जिभेवर ठेवले. क्षणात ते बुळबुळीत होऊन टाळूला चिकटले. जहूरला वाटलं आता तरी बाजीची खात्री पटली. पण या एका गोष्टीवर ती विसंबणार नव्हती, कारण रुएलियाचं बीही ओलं झालं की असंच बुळबुळतं. खात्री तिला काट्यांनी दिली होती, आणि त्या दोन ओठांनी. हा कोळसुंदा होता. शंभर टक्के.

आणि नाव पक्कं झाल्यावर तिला खरी भीती वाटली. कोळसुंद्याला नळीचं पाणी पुरत नाही. त्याला महिनोन्‌महिने ओली, दलदलीची जमीन लागते. तिने मान वर केली. डाव्या हाताला, दोन पावलांवर, जमिनीखालच्या टाकीचं सिमेंटचं झाकण होतं. उजव्या हाताला सांडपाण्याच्या टाकीचं, जी उपसायला दर आठवड्याला टँकर यायचा. आणि मधल्या जागेत ही दलदल.

"ये बीज आया कहाँ से?" तिने विचारलं.

जहूरने खाली बघत सांगितलं. पाठ धरायची म्हणून गावच्या हकिमाकडून त्याने तालमखाना आणला होता, दुधातून घ्यायला. खोलीत पुडी ओली झाली, बुरशी आली, तर त्याने ती इथे मागे फेकून दिली. कधी? सत्त्याण्णव साली, बकरी ईदनंतर. आठ-दहा महिन्यांनी बघतो तर झाडं! त्याला आनंद झाला. फुकटचं औषध. पण मग लेबर कॅम्पात कुणीतरी म्हणालं, बिया घेऊन फिरणाऱ्या एकाला पकडलं म्हणे. तेव्हापासून तो घाबरून, लपून बिया गोळा करायचा.

"सत्त्याण्णव?" अनुराधाने पुन्हा विचारलं. "पक्का?"

"पक्का, बाजी. उसी ईद पे मेरी बेटी की मँगनी हुई थी."

तिने नव्या झाडांच्या बुंध्याशी हात घालून बघितलं. खाली गेल्या वर्षीची वाळलेली, करडी खोडं आडवी पडली होती, त्यांचे काटे अजून शाबूत होते. एक पिढी वाळून गेली होती, तिच्या बियांतून दुसरी उभी होती. तिने दोन्ही खोडं मुळासकट उपटली, ताजं आणि वाळलेलं, आणि पदराखाली झाकून घरी नेली. ताजी फांदी वर्तमानपत्राच्या घडीत घालून तिच्यावर कुकर, पाटा आणि केयाचा शब्दकोश ठेवला. मग हेमचंद्रांना फोन करून टाकीचं पाणी तपासायला सांगितलं.

शनिवारी सकाळी प्रत्येक दाराखाली नोटीस सरकली. पाण्याच्या टाकीत दूषित पाणी शिरल्याचं आढळलं आहे, माळ्याने आठवडाभर मागची पाण्याची नळी चालू ठेवल्यामुळे जमीन भिजून हा प्रकार झाला, संबंधित कामगाराला कामावरून कमी करून मायदेशी पाठवण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर. खाली हेमचंद्रांची सही.

अनुराधाने नोटीस दोनदा वाचली. "आठवडाभर," ती म्हणाली. "सूर्यकांत, हे खोटं आहे. आठवड्यात कोळसुंदा रांगायलाही लागत नाही. आणि ती मागची नळीच मुळी दोन महिन्यांपूर्वी बसवलीय, झाडं त्याच्या कितीतरी आधीची आहेत."

सूर्यकांतने चष्मा पुसला. हा व्हिला त्याच्या कंपनीने भाड्याने घेतलेला होता, आणि मालकाशी भांडण म्हणजे ऑफिसात प्रश्न. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "मालकाचे भाऊ आज येणार आहेत, अजीज साहेब. मी येतो तुझ्याबरोबर. पण बोलायचं तू. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही."

ऑफिसच्या दारातच हेमचंद्रांनी तिला अडवलं. आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "वहिनी, आपल्या माणसाला अडचणीत आणू नका. दोन दिवसांत सगळं खलास होईल. त्याला असंही परत जायचंच होतं."

"त्याने सांगितलं तुम्हाला? जायचंय म्हणून?"

हेमचंद्र वाटेतून बाजूला झाले. आत मात्र त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

अजीज साहेब साठीचे होते. लहानपणी मुंबईला शिकायला होते, त्यामुळे हिंदी झकास. त्यांनी तिच्या हातातली वर्तमानपत्राची घडी बघितली, वाळलेलं खोड बघितलं. "आप क्या करती हैं, मॅडम?"

"हाऊसवाइफ हूँ."

"और ये सब आपको कैसे मालूम?"

त्यांच्या आवाजात अपमान नव्हता, पण संशय होता. त्या बाईचं या भानगडीत काय काम, कुणी पाठवलंय तिला, असा. अनुराधाला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं.

"मैं बताती नहीं, दिखाती हूँ," ती म्हणाली.

बोळीत ती पुढे, मागे पांढराशुभ्र, पायघोळ अरबी कंदुरा हाताने उचलून धरलेले अजीज साहेब, त्यांच्या मागे सूर्यकांत आणि हेमचंद्र. तिने फाटकावरून आणलेली रुएलियाची फांदी आणि इथली फांदी शेजारी शेजारी धरली. "गिनिए," ती म्हणाली. अजीज साहेबांनी काटे मोजले. बोटात एक रुतला, तसे चटकन हात झटकून हसले, आणि मग हसू विरलं, कारण तोवर पायाखालचा वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. तिने सांगितलं की हे झाड दलदलीशिवाय जगत नाही. तिने वाळलेली पिढी दाखवली. मग जहूरला बोलावून बियांची गोष्ट त्याच्याच तोंडून वदवली. त्यात तिचा एक धोका होता. जहूरने घाबरून नाही म्हटलं असतं, तर सगळंच कोसळलं असतं. तो एकदा हेमचंद्रांकडे बघून थांबला, मग बोलला, ईदचं आणि मँगनीचं सुद्धा.

"दो साल," अजीज साहेब हळूच म्हणाले. मग वळून हेमचंद्रांना म्हणाले, "खोदो. आज. यल्ला."

दुपारी दोन मजुरांनी खणायला सुरुवात केली. हातभर खोलीवर सांडपाण्याच्या टाकीतून निघणारा पाइप सापडला. सांध्यात फुटलेला होता, आणि त्याच्याभोवतीची माती अशी काळी झाली होती की एका आठवड्याची गोष्ट तिथे बोलायला कुणाची जीभ धजली नसती. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्या बाजूने ओल चढून तडा गेला होता. अनुराधा तिथे शेवटपर्यंत उभी राहिली. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. केयाने दोन वर्षं त्या पाण्याने चूळ भरली, एवढंच तिच्या मनात येत होतं.

संध्याकाळी हेमचंद्र दारात आले. आत येत नव्हते. हातात दोन कागद होते. "वहिनी, हे बघा. मग जे समजायचं ते समजा."

ते दोन फॅक्स होते, देखभालीच्या कंपनीच्या मुख्य ऑफिसला पाठवलेले. सांडपाण्याचा पाइप गळतोय, ताबडतोब बदलायला हवा. खाली हेमचंद्रांची सही. अनुराधाने कागद उजेडात धरले आणि वरच्या कडेला मशिनने छापलेली तारीख शोधली. एक सत्त्याण्णवच्या ऑगस्टचा, दुसरा अठ्ठ्याण्णवच्या मार्चचा. तिने शाई खरवडून बघितली नाही, पण मनात आलं मात्र.

"उत्तर काय आलं?"

"उत्तर आलं फोनवर. पाइप नंतर बघू, तोंड बंद ठेव. माझा व्हिसा त्यांच्या हातात. बायको नि दोन मुलं चेंबूरला." ते भिंतीला टेकले. "नोटिशीचा मजकूरही वरूनच आला. सही माझी, हे खरं. जहूरचं नाव मी घातलं नाही असं म्हणणार नाही."

"आणि आमच्याकडे आरतीला येऊन तुम्ही तीर्थ घेत होता," अनुराधा म्हणाली. "त्याच पाण्याचं."

"मी नव्हतो घेत, वहिनी. हातावर घ्यायचो आणि केसांना लावायचो."

तिने कागद परत त्यांच्या हातात दिले. या माणसावर पूर्ण संशय घ्यावा की पूर्ण विश्वास ठेवावा, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. ते फॅक्स मात्र तिने अजीज साहेबांना दाखवायला लावले. महिन्याभरात देखभालीचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. हेमचंद्र मस्कतला लागले. जाताना सामंतांकडे निरोप घ्यायला आले नाहीत.

जुनी टाकी कायमची बंद झाली, जमिनीवर नवी उभी राहिली. बोळीतली झाडं उपटून जाळली आणि चिखलावर चुना टाकून वाळू भरली. केयाचं पोट मार्चपासून सुधारलं. तिने पहिल्यांदा आइस्क्रीम मागितलं, तेव्हा अनुराधाने दुकानदाराला विचारलं, "बर्फ कहाँ का है?" आणि केयाने डोळे फिरवले.

जहूरचं तिकीट रद्द झालं, पण कंपाउंडमध्ये त्याला कुणी ठेवलं नाही. नव्या कंपनीने त्याला मुहैस्नाहच्या कामगार छावणीत कडेची झाडं सांभाळायला धाडलं. तिथे सावली कमी आणि काम जास्त होतं. अनुराधाला वाटत राहिलं की सत्य बोलून त्याच्या पदरात जे पडलं ते काही फार नव्हतं. ती दोन-तीन महिन्यांनी सूर्यकांतला गाडी काढायला लावायची आणि त्याच्या पाठीसाठी मलम घेऊन जायची.

आपल्या शेतावर कुठलंसं तण माजलंय, म्हणून अजीज साहेबांनी पुढच्या वर्षी सूर्यकांतच्या मार्फत तिला बोलावणं पाठवलं. मग त्यांच्या ओळखीच्या एकाने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये रोपवाटिका काढली. बाहेरदेशांतून येणाऱ्या कुंड्यांच्या मातीत काय काय येतं ते बघायला त्यांना कुणीतरी हवं होतं. नवऱ्याचं ना हरकत पत्र, मग कंपनीचे कागद, मग वर्क परमिट, असं करत दोन हजार दोन साली अनुराधा सामंत पुन्हा नोकरीला लागली. कंटेनर उघडला की मॅनेजर कागद बघायचा आणि ती कुंडी उलटी करून मुळं बघायची. "मॅडम, सर्टिफिकेट आहे ना," तो म्हणायचा. "मातीला वाचता येतं का?" ती विचारायची, आणि पुढची कुंडी उलटी करायची. एकदा तिने अख्खा कंटेनर परत पाठवला. मालकाने आवाज चढवला आणि तीन आठवड्यांनी, दुसऱ्या रोपवाटिकेत काय पसरलं ते ऐकून, तिला मिठाईचा पुडा पाठवला. तो पुडाही तिने तारीख बघूनच उघडला.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी जहूर भेटायला आला. कायमचा परत चालला होता. दिवाणखान्यात बसायला तो तयार नव्हता, म्हणून दोघं ओट्यावर बसले. सूर्यकांतने चहा केला.

"जहूरभाई, एक बात बतानी थी," अनुराधा म्हणाली. "वो तालमखाना काग़ज़ पे चिपकाके मैंने कोल्हापूर भेजा था. मेरे कॉलेज में. उसके नीचे लिखा है, कहाँ मिला, कब मिला, और किसको मिला. दो नाम हैं. मेरा और आपका."

जहूरने कप खाली ठेवला. "मेरा नाम? वहाँ कौन पढ़ेगा?"

"बच्चे पढ़ेंगे. हर साल नये बच्चे."

त्याने कपाची कड बोटाने पुसली. मग पुढे वाकून, आवाज बारीक करून त्याने विचारलं, "बाजी, वो काग़ज़ कंपनीवालों के हाथ तो नहीं लगेगा?"

"नहीं लगेगा."

"पक्का?"

"पक्का," अनुराधा म्हणाली. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण त्याने चहा संपवला. सूर्यकांतने गाडी काढली आणि दोघांनी त्याला विमानतळाच्या बसपर्यंत सोडलं.